राळेचा वास

परवा शेजारणीनं राळ जाळली आणि मी नकळत हात पदराखाली घेतले. तेव्हा रामनगरजवळच्या आमच्या वाडीत घरादारासकट बाप्तिस्मा घेऊन वर्ष होत आलं होतं. भात पोटरीला आलं, रानातले गवे शेतात उतरू लागले, तशी सासू म्हणाली, "पोरी, आपण देव बदलला, गवे न्हाई बदलले." म्हणून रविवारी पहाटे बांधावरच्या राखणदार देवापुढं मी राळ जाळली, नारळ ठेवला, राखेनं हात घासले आणि प्रार्थनेला गेले. बोटांना चिकटलेला वास काही जाईना. नेमके त्याच दिवशी पाळकसाहेब दारात उभे राहून म्हणाले, खऱ्या विश्वासणाऱ्याच्या हातून पाप घडतच नाही, एकेकानं उठून तसं सांगा. प्रार्थनेच्या खोलीला दार तेवढं एकच. गप्प राहिले तर सगळ्यांदेखत नवऱ्याची मान खाली जाणार, बोलले तर देवाच्या घरात खोटं. माझी पाळी आली. "माझ्यात पाप न्हाई," असं म्हणून मी खाली बसले. चटईवर शेजारी पाळकसाहेबांची बायको, पाळकीणबाई होत्या. त्यांनी नाकानं वास ओढला, माझ्याकडं पाहिलं आणि माझा हात आपल्या पदराखाली घेतला. "राखेनं न्हाई जायाचा गं," त्या कुजबुजल्या, "आधी खोबरेल चोळ. माझा तसाच जातो." मग त्या उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझ्यात पाप न्हाई." खोबरेलानं वास जातो खरा, पण त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, निदान त्या तरी जुन्या देवांच्या भीतीतून सुटल्या असतील.