रंद्याची पाचर

तुळसाबाईचं दार दोन वर्षांपासून चौकटीला अडायचं. पावसाळ्यात फुगलं ते फुगलंच. रात्री आतून ज्वारीचं पोतं टेकवून ती निजायची. मुलगा हरीओम पुण्याला, फर्निचरच्या कारखान्यात. फोनवर त्याचं ठरलेलं, "आलो का रंदा मारून देतो, माय." त्या एका बोलण्यावर तिचे महिने निघायचे.

पण नवरा गेल्यापासून घरातला रंदा पेटीत पडून होता. पातं गंजानं खाल्लेलं. ते आवळून धरणारी लाकडी पाचर हरवलेली. पोरगा यायचा आणि रंदाच धड नसायचा! तिनं मंगरूळपीरहून नवं पातं आणलं. गल्लीतल्या जानराव सुताराकडून बाभळीची पाचर तासून घेतली. नवरा दसऱ्याला हत्यारांना तेल लावायचा, तसं तिनं सगळ्या रंद्याला, पाचरीलासुद्धा, मायेनं तेल चोळलं.

दसऱ्याला हरीओम आला. रंदा दाराच्या कडेवर टेकवला की पातं मागे सरकायचं. ठोकलं, पुन्हा सरकलं.

"राहू दे, माय. पुढच्या खेपेस मशीनच आनतो," म्हणाला, आणि दुपारच्या एसटीनं गेला.

दुसऱ्या दिवशी ती रंदा घेऊन जानरावकडे. "भाऊ, तुमची पाचर धरत नाही."

जानरावनं पाचर हुंगली. "वहिनी, पाचर हाय का भजं? तेलात काहून तळली?"

"गंजू नाही म्हनून..."

"लाकूड गंजते काय कधी? पाचर कोरडीच पाह्यजे, तवा धरते." त्यानं तेलकट भाग तासला, खडू घासला, पाचर ठोकून बसवली. "येऊ का दार कराले?"

"नाही, नाही. पोरगा करनार हाय."

घरी आल्यावर, चालते का पाहावं, म्हणून तिनं एक हात मारला. पातळ, लांब ढलपी सुटली. मग दुसरा. पायाशी ढलप्यांचा ढीग झाला तेव्हा ती थांबली. दार ढकललं. ते अलगद चौकटीत जाऊन बसलं, कडी लागली. रस्त्यावरची पोरं, शेजारच्या विमलबाईची भांडी, सगळं बाहेर राहिलं. आत ती एकटी.

फोन वाजला. हरीओम होता.

"माय, दार अडूनच राह्यलं का अजून?"

तिनं लागलेल्या कडीकडे पाहिलं.

"हो रे बापू. पोतं लावते ना रोज. तू कधी येतं?"