होलिस आणि मागच्या चाकांचा जोड

माझं लग्न झालं होलिसशी, आणि आंदणात आल्या मोडक्या गाड्या. कुंपणापलीकडच्या कुरणात, जिथे त्याच्या वडिलांच्या गाई चरायच्या, तिथे त्या रांगेनं उभ्या. कुणाला दार नाही, कुणाला बोनेट नाही, एकीच्या सीटवर तर मुंगसाएवढ्या उंदरांनी संसार थाटलेला. मी म्हणायची, "होलिस, लोक अंगणात फुलं लावतात रे!" तो म्हणायचा, "आर्डिस, हे कोठार आहे. वेळेला तुझ्या फुलांतून अल्टरनेटर निघणार आहे का?"

कपाळ माझं!

पण सगळ्या एकाच जातीच्या. जपानी, चार दारांच्या, बुटक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या आमच्या या खिंडीत डांबर पोस्टापाशी संपतं, पुढे सगळा कच्चा चढ. हिवाळ्यात बर्फ, आणि बर्फ वितळलं की चिखलाचा महिना, तो तर बर्फापेक्षा वाईट. होलिसनं अशी पहिली गाडी आणली, एक हिवाळा बिनघोर काढला आणि मग गावभर सांगत सुटला, "सगळ्यांनी हीच घ्या. एक मेली तर दुसरीला जगवेल." लोकांनी ऐकलंही! रविवारी चर्चबाहेर एकसारख्या गाड्यांची अशी रांग लागायची की कुणाची कुठली कळायचं नाही. झिजून झिजून एकीची किल्ली दुसरीला लागायला लागली होती. एकदा पाद्रीबाबा आमचीच गाडी घेऊन घरी गेले, मागच्या सीटवर मी भाजलेला ॲपल पाय होता. गाडी परत आली. पाय नाही आला.

त्या गाड्यांचं इंजिन काही मरायचं नाही. मरायचं ते अंग. रस्त्यावर टाकलेलं मीठ खालून पोखरत यायचं, आणि वर्षाच्या तपासणीला इन्स्पेक्टरनं स्क्रूड्रायव्हर टेकवला की तो आरपार. मग ती गाडी आमच्या कुरणात यायची आणि तिचे अवयव दुसरीकडे जायचे. होलिस कुणाचं काय हे कधी विसरला नाही. टपाल वाटणाऱ्या ओडीलची गाडी मूळची हिरवी, तिला दार शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंचं पांढरं, बोनेट डेअरीवाल्यांचं तांबडं आणि अल्टरनेटर पाद्रीबाबांचा. ती आली की हा विचारायचा, "काय गं, आज पाद्रीबाबा कुरकुरतायत का?"

ओडीलच्या गाडीवर त्याचा विशेष जीव. आमच्याकडे घरोघरच्या टपालाच्या पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, आणि स्टिअरिंग डावीकडे. बाकीचे टपालवाले उजव्या सीटवर बसून डावा पाय लांबवून कसरत करत गाडी चालवतात. होलिसनं ओडीलसाठी भंगारातलं दुसरं स्टिअरिंग आणून उजवीकडे बसवलं, दुसरे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवले, मध्ये पट्टा घातला. एक स्टिअरिंग फिरवलं की दुसरंही आपोआप फिरायचं. लहान पोरं भुताची गाडी म्हणायची.

काय दिवस होते ते! मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करायचे दिवस आले की आमच्या अंगणात पाच-सहा गाड्या जॅकवर चढलेल्या. त्यांचे मालक ताज्या बर्फावर पाक ओतून खात उभे, एका हातात डोनट, दुसऱ्या हातात मुरवलेली आंबट काकडी, आणि गाडीखालून होलिसचे नुसते बूट दिसायचे. मला तेव्हा वैताग यायचा. आज वाटतं, पुन्हा एकदा तो वैताग यावा.

मग माणसं पांगली. कुणी वारलं, कुणी गावाबाहेर मुलीकडे गेलं, उरलेल्यांनी मोठे ट्रक घेतले. भंगारवाल्यानं कुरणातले सांगाडे नेले. चालत्या गाड्या राहिल्या दोन, एक ओडीलची आणि एक माझी.

त्याच सुमारास होलिस लाकडं फोडताना भोवळ येऊन पडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदय थकलंय, आता गाडी चालवायची नाही. त्यानं खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या ठेवणारा माणूस खिडकीत बसून राहिला. एक रविवार तेवढा त्याचा. रविवारी मी त्याला माझ्या गाडीतून अस्वलटेकडीवर न्यायची. वर त्याच्या वडिलांची पाक उकळायची खोपटी आहे, तिथून सगळी खिंड दिसते. तो माझ्याशेजारी बसून गाडीचा आवाज ऐकायचा आणि मला शिव्या घालायचा, "अगं, ब्रेक काय दाबतेस, लोणी आहे का ते!" त्या दोन तासांवर तो आठवडा काढायचा.

आणि अशात ओडीलनं तो घोळ घातला.

तिचा टायर फाटला. कुणीही शहाणा माणूस काय करेल? पण आम्ही इथली माणसं! चालती वस्तू टाकायची म्हणजे आम्हाला पाप वाटतं. बाकीचे तीन अजून चालतील म्हणून तिनं एकच नवा कोरा टायर घेतला आणि महिनाभर तशीच फिरली. या गाडीला ते चालत नाही. चारही टायर सारखे झिजलेले लागतात. नाही तर गिअरबॉक्सच्या शेपटाशी जो जोड मागच्या चाकांना ताकद देतो, तो रात्रंदिवस घासत राहतो आणि जळतो. ऐन चिखलाच्या महिन्यात तो जळला, आणि नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी चढ चढेना.

"तीन म्हाताऱ्या बैलांबरोबर एक खोंड जुंपलास तू!" होलिस तिच्यावर एवढा ओरडला की मला त्याच्या हृदयाची धास्ती वाटली. "काय होणार दुसरं?"

ओडील मान खाली घालून उभी. टपालाच्या कामाला गाडी स्वतःची लागते. वर्षानुवर्षं बदली म्हणून राबल्यावर तिला हा टपालाचा रस्ता कायमचा मिळाला होता. घरी नवरा पाठीनं अधू, गाई विकून झालेल्या, दुसरी गाडी घ्यायची ऐपत नाही. पोस्टमास्तरीणबाईंनी सोमवारपर्यंत सांभाळून घ्यायचं कबूल केलं. त्यानंतर रस्ता दुसऱ्याला.

होलिसनं सगळ्या भंगारवाल्यांना फोन लावले. तो जोड कुणाकडेच नव्हता. तसा शाबूत जोड आता फक्त माझ्या गाडीत होता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. पण तो जेवणाच्या टेबलाशी असा बसायचा की खिडकीकडे पाठ, अंगणातली माझी गाडी नजरेलाच पडू नये. मीही गप्प. खोटं कशाला बोलू, मला ओडीलचा भयंकर राग आला होता. एका टायरची कंजुषी हिनं करायची आणि रविवार माझ्या नवऱ्याचा जायचा?

शुक्रवारी दुपारी ओडील आमचं टपाल घेऊन आली. चालत. खांद्यावर पिशवी, चिखल गुडघ्यापर्यंत, एक बूट कुठे तरी रुतून राहिलेला, त्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. वरच्या म्हाताऱ्या रॉइसची औषधं टपालानं येतात, ती पोचवून ती उतरत होती. माझ्या गाडीला खेटून गेली, पण तिच्याकडे पाहिलं नाही, गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. "आर्डिस, बियाण्यांचं पुस्तक आलंय तुझं," एवढं म्हणाली आणि वळली.

"थांब, भवाने," मी म्हटलं. "आत ये, पाय धू. होलिस, माझ्या गाडीतला जोड काढ."

"नाही," होलिस म्हणाला.

"का नाही?"

"आणि रविवारी काय?"

"रविवारी घरात बसून मला शिव्या घाल. तिथेही ऐकू येतात मला."

त्याचे डोळे भरून आले. तो उठून पान्यांची पेटी शोधायला लागला.

शनिवारी आम्ही दोघी गाड्यांखाली पाठीवर आडव्या आणि होलिस खुर्चीत बसून हुकूम सोडतोय. "अगं तो नट नाही, शेजारचा! आर्डिस, दिवा माझ्या तोंडावर काय मारतेस, तिला दाखव!" माझ्या केसांत तेल गेलं, ओडीलचं बोट सोललं. पण जोड बसला. खाली चाकांना होलिसनं जुन्या गाड्यांचे काढून ठेवलेले चार सारखे झिजलेले टायर चढवले. माझी गाडी तिथेच विटांवर राहिली.

रविवार उजाडला. मी डोनट तळत होते, म्हटलं जिभेनं तरी सुख होऊ दे. होलिस खिडकीत. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. ओडील! चर्चचे कपडे, मागच्या सीटवरचे टपालाचे ट्रे काढून टाकलेले.

"चल होलिस, टेकडीवर."

उजवी सीट तिची. म्हणून होलिस डावीकडे बसला, आणि त्याच्यासमोर आलं दुसरं स्टिअरिंग. मी मागे. खिंडीतून निघालो तेव्हा तो मांडीवर हात ठेवून, आपोआप फिरणाऱ्या त्या चाकाकडे बघत होता. अस्वलटेकडीचा चढ लागला, चिखलात हातभर खोल चाकोऱ्या. तिथे ओडीलनं तिच्या स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले.

"ब्रेक माझ्या पायाखाली आहे. चाक तू धर."

"डोकं फिरलंय का गं तुझं?" मी मागून किंचाळले. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या!"

"त्या कुठे गाडीत आहेत?" ओडील म्हणाली.

होलिसनं चाक धरलं. आधी बोटांनी, मग घट्ट. चाकोरी सोडून त्यानं गाडी कडेच्या गवतावर घेतली, पुढची चाकं घसरली, आणि मागच्यांनी रेटा दिला. मला तो माझ्या पाठीत जाणवला.

"आर्डिस!" तो ओरडला. "मागून तू ढकलतेयस गं!"

रडत होते मी, सरळ सांगते.

होलिस जूनमध्ये गेला. तोवर ओडीलनं एकही रविवार चुकवला नाही, आणि एकाही रविवारी त्या चढावर स्टिअरिंगला हात लावला नाही.