बाबांना तहान लागली

कुमुदआत्याच्या रागाला आमचं सगळं घर टरकून असतं. केंद्र सरकारच्या नोकरीत तिने जन्म काढला, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार केला आणि रिटायर झाल्यावर दर रविवारी दिल्लीभोवतीची खेडी पालथी घालायला लागली. कुठे जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, कुठे बांधावर कोरीव दगड उभा आहे, तिला तोंडपाठ. ड्रायव्हर मी, तिची भाची. दगडांना शेंदूर फासणाऱ्यांच्या नावाने ती बोटं मोडते. "खालचं कोरीवकाम गुदमरतं, मेल्यांना कळत नाही!"

फरिदाबादच्या पलीकडच्या एका गावातली बावडी तिची सगळ्यांत लाडकी. पायऱ्यांच्या तोंडाशी कमरेएवढा दगड, वर चंद्रसूर्य, खाली झिजलेला घोडेस्वार. थेट आपल्याकडचा वीरगळ. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाणी भरणाऱ्या एका बाईने आत्याला लोटाभर पाणी दिलं. ते गोड पाणी पिऊन आत्याने पर्समधली डबी काढली, दगडाला चिमूटभर हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. मराठी बाई अशा ठिकाणाहून तशीच कशी निघेल? त्यात काय एवढं!

मग गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिचं तिकडे जाणं काही वर्षं राहिलं. गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो आणि माझंच डोकं फिरलं. दगडावर शेंदराचा बोटभर थर, चांदीचे डोळे, वर पत्रा, भोवती बाथरूमच्या टाइल्स. बावडी सिमेंटच्या लाद्यांनी झाकून वर भाविकांच्या मोटारी लावलेल्या! आणि गावातल्या बाया हंडे घेऊन टँकरपाशी.

"किसने किया ये?" आत्या पुजाऱ्यावर कडाडली.

"किसी ने नहीं, माताजी. एक मराठन माता आई थीं. बाबा ने उन्हें सपने में दर्शन दिए. टीका लगाकर गईं, तब से बाबा जागृत हैं."

आत्याचा चेहरा उतरला. मग लालबुंद झाला.

"वो मराठन मैं हूं! कोई सपना-वपना नहीं आया था. आदत है हमारी. हटाओ ये सब, पानी खोलो!"

ऐकणार कोण? आधी पुजारी पायांवर कोसळला, त्याच्यामागे जमलेले सगळे. कुणी हार घातला, कुणी लेकरू पायांवर घातलं. ती ओरडत होती, "झूठ है, झूठ!" आणि लोक एकमेकांना सांगत होते, माता कोपली. मला त्या पुजाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात ती लोटावाली बाई पुढे आली. आता पार म्हातारी झालेली, काखेत रिकामा हंडा. "माता, बाबा से कह दो ना, हमारा पानी लौटा दें."

आत्याने तिच्या रिकाम्या हंड्याकडे पाहिलं. आयुष्यात कधी नवस बोलली नाही अशी बाई. दात आवळून म्हणाली, "कल रात बाबा फिर आए थे. बोले, दम घुट रहा है, प्यासा हूं. पानी खोलो."

पुजाऱ्याचं तोंड पडलं, पण स्वप्नाची गोष्ट त्याचीच होती. मोटारी हलल्या, पोरं पहारी घेऊन धावली. पहिली लादी सरकली आणि शेवाळाचा थंड वास वर आला. म्हातारीने दोर सोडून लोटा भरला आणि आधी आत्यापुढे धरला.

आत्याने तो घेतला नाही. गाडीत बसून तिने दार आपटलं.

"खरं बोलले तर पाया पडले. खोटं बोलले तर पहारी आणल्या. चल, गाडी काढ!"

बऱ्याच अंतरावर एक चहाची टपरी आली.

"थांब इथे," ती म्हणाली. "पाण्याची बाटली घे. घशाला कोरड पडलीये माझ्या."