बाबांच्या दगडातला खोलगा

"बाई, हे सेक्शन आहे की भजं?"

विभागप्रमुखांनी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता विचारलं. कडुनिंबाच्या काडीचा काप एका बाजूला जाड होता आणि दुसऱ्या बाजूला फाटलेला. उजेड आरपार जाईना.

हिंगोलीच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची लॅब असिस्टंट होते. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तो शनिवार होता आणि बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल मंगळवारी.

सेक्शन म्हणजे खोडाचा आडवा काप. इतका पातळ, की खालून उजेड सोडला तर आतल्या पेशी दिसाव्यात. परीक्षेत असे काप मायक्रोस्कोपखाली लावून ठेवतात आणि मुलं ते ओळखतात. आमच्या तयार स्लाइडना पावसाळ्यात बुरशी लागली होती. कोवळी काडी दाढीच्या ब्लेडनं कापता येते, पण जून लाकडात ब्लेड वाकतं. तिथं जाड पाठीचा वस्तराच लागतो. आमच्याकडे तो एकच होता. निजामाच्या काळातला असावा. काळ्या शिंगाची मूठ, लोखंड उत्तम, धार शून्य.

मागच्या वर्षी बाहेरच्या परीक्षकांनी लॅबवर वाईट शेरा मारला होता. यंदाही तसंच झालं तर प्रॅक्टिकलचं सेंटर नांदेडला जाणार होतं. वर्गात अकरा मुली होत्या, त्यातल्या दोघी तांड्यावरच्या. त्यांच्या घरचे त्यांना तीन दिवस नांदेडला राहायला पाठवणार नाहीत, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"सोमवारी संध्याकाळपर्यंत सहा चांगले सेक्शन पाहिजेत," सर म्हणाले. "वस्तऱ्याला कुठूनतरी धार लावून आणा."

"मीच लावते घरी. माझे वडील न्हावी होते."

"वडील होते. तुम्ही नव्हता ना?"

बोलणं खोटं नव्हतं. आमच्याकडे मुलींच्या हातात वस्तरा देत नसत. बाबा पात्याला शेवटची धार चामड्याच्या पट्ट्यावर आणत, तेव्हा पट्ट्याचं एक टोक खुंटीला अडकवण्याऐवजी माझ्या हातात द्यायचे. मी ताणून धरायची. लग्न होईपर्यंत माझं काम एवढंच.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. धाकट्या भावाचं कळमनुरीला सलून होतं. एड्सच्या भीतीनं गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर नवीन ब्लेड लावायला सांगू लागली, तेव्हापासून त्याचा धारेच्या दगडाशी संबंध संपला. बाबांची धोकटी, म्हणजे हत्यारांची चामडी पिशवी, आईकडे नरसीला होती. रविवारी सकाळी मी वस्तरा फडक्यात गुंडाळून तिथं गेले.

"काहून आली गं अशी अचानक? जावई बरे हायेत ना?"

"बरे हायेत. बाबांचा दगड पाहिजे."

मी वस्तऱ्याचं आणि परीक्षेला बसणाऱ्या पोरींचं सांगितलं, तसा आईनं देवळीतून दगड काढून दिला. दसऱ्याला ती त्याची पूजा करायची. मधोमध हळदकुंकवाचा थर बसला होता. मी तो राखेनं घासायला लागले.

"पुजेचा दगड असा घासून राहिली व्हय?"

"धारेचाच दगड हाय आई. पूजा मागून लागली त्याला."

ती चुलीपाशी जाऊन बसली.

वस्तरा घासायची रीत विळ्यापेक्षा वेगळी. पातं दगडावर आडवं निजवायचं. पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकली पाहिजेत. मी दुपारपर्यंत घासलं. डोक्याचा एक केस उपटून पात्यावर टेकवला, तो नुसता वाकला. पुन्हा घासलं. पुन्हा वाकला.

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "बराबर न्हाई आवाज."

"मग कसा यायचा?"

"सुपातले तांदूळ सरकल्यावानी. तुझा तर पत्रा ओढल्यावानी येऊन राहिला."

मला त्याचा राग आला. राग आला, कारण तो आवाज मलाही आठवत होता आणि मला तो काढता येत नव्हता.

लॅबमध्ये एखादी गोष्ट दिसत नसली की आम्ही तिला रंग देतो. मी आईच्या डबीतलं काजळ धारेला लावलं आणि दगडावर दोनच हात मारले. उचलून बघितलं. पात्याच्या दोन टोकांचं काजळ पुसलं गेलं होतं. मधला सगळा भाग काळाच. धार मधून दगडाला टेकतच नव्हती.

म्हणजे खोट दगडात होती. बाबांनी चाळीस वर्षं घासून त्याला मधोमध खोलगा पाडला होता. त्यांचे वस्तरे त्या खोलग्याबरोबरच झिजत गेले, म्हणून त्यांचं जमायचं. हा सरळ धारेचा परका वस्तरा तिथं कडांवरच अडकत होता. खालची बाजूही कामाची नव्हती. ती ओबडधोबड होती आणि लाखेनं लाकडात बसवलेली.

"दगड सपाट करावा लागंल, आई."

"म्हंजे?"

"खोलगा जाईल."

आई उठून आली. तिनं खोलग्यात बोट ठेवलं. "हे त्यांच्या हातानं पडलंय."

"ठाऊक हाय मला."

"दुसरा घे की बाजारातून."

"बाजारात विळ्याचा खरबरीत मिळतो. असा बारीक न्हाई मिळत आता."

ती बोट तसंच ठेवून उभी राहिली. मग विचारलं, "किती पोरी म्हणलीस?"

"अकरा."

"तांड्यावरच्या बी?"

"दोघी."

ती बाहेर गेली. परतली तेव्हा तिच्या हातात पिठाची चाळणी होती आणि टोपल्यात बारीक वाळू.

"चाळलेली हाय. मोठा खडा ओरखडा काढतो."

"तुला काय ठाऊक?"

"चाळीस वर्षं नुसत्या भाकरीच थापल्या का मी? हा दगड नवा आणला तवा त्याला वाळू मीच चाळून दिलती."

अंगणातल्या फरशीवर वाळू आणि पाणी घेऊन मी दगड उपडा घातला आणि घासत राहिले. राखाडी गाळ निघत होता. रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी खोली होती ती. तासाभरात अर्धी झाली, चार वाजता संपली. हात थांबला असता तर मी पुढं घासलं नसतं, म्हणून थांबवला नाही. गाळ नालीत ओतायला निघाले तर आई म्हणाली, "तिकडं नको." मी तो कढीपत्त्याच्या बुडाशी ओतला.

सपाट दगडावर वस्तरा पहिल्याच हाताला बसला. तासभर घासलं. काजळ टोकापासून टोकापर्यंत सारखं पुसलं जात होतं. मग धोकटीतून पट्टा काढला. मी खुंटी शोधत होते.

"टोक आण इकडं," आई म्हणाली. तिनं ते दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि डोळे मिटले.

"आला का आवाज?"

"जवळ आला."

केस टेकवला. टेकवताच तुटला.

"झालं व्हय?" तिनं डोळे न उघडता विचारलं. पट्टा सोडला नाही.

"थोडं राहिलंय," मी म्हणाले आणि आणखी वीस-पंचवीस हात मारले. वस्तऱ्याला त्याची गरज नव्हती.

सोमवारी दुपारी सहा सेक्शन तयार झाले. मंगळवारी परीक्षकांनी पहिला बघितला, दुसरा बघितला आणि मान वर केली.

"हे कोणी काढले? ब्लेडनं?"

"वस्तऱ्यानं, सर," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा डोळा लावला. सेंटर आमच्याकडेच राहिलं. अकराही मुलींनी परीक्षा दिली. संध्याकाळी विभागप्रमुख जाताना म्हणाले, "बाई, ते भजं मागं घेतो."

नंतर मी नव्या लॅब असिस्टंटना एवढंच सांगत आले: धार लागत नसली की पात्याला नावं ठेवू नका. आधी दगडावर सरळ पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते बघा.

दगड मी आईला परत दिला. त्या दसऱ्याला मी नरसीलाच होते. पूर्वी कुंकू मधोमध साचायचं, आता ते सगळीकडे सारखं पसरलं. पूजा झाल्यावर आईनं नेहमीसारखं मधे बोट टेकवलं आणि थोडं खाली दाबून पाहिलं.