अंगणाकडची बाजू

चतुराबाईंना हात स्वस्थ ठेवता येत नसत. कुणाशी बोलतानाही त्यांचं बोट मांडीवर, पदरावर, नाहीतर सारवलेल्या जमिनीवर काहीतरी गिरवत राही. माहेरी बोरीला वडिलांच्या शेजारी बसून त्या अक्षरं शिकल्या, तेव्हापासूनची ही खोड. लग्न होऊन गंगाखेडला आल्या. मूलबाळ झालं नाही. एकदा शेजारच्या रडणाऱ्या पोराच्या तळहातावर त्यांनी सहज ग काढून दाखवला. पोराचं रडणं थांबलं. दुसऱ्या दिवशी ते आणखी दोघांना घेऊन आलं, आणि बघता बघता ओसरीवर शाळा भरायला लागली.

शाळा म्हणायची मात्र चोरी होती. निजामाच्या राज्यात खाजगी शाळेला इजाजत लागे, आणि ती मागायला गेलं की मागणाऱ्यावरच नजर राही. चतुराबाईंचे यजमान दिनकरराव सरकारी शाळेत मास्तर होते, पोरांना उर्दूतून गणित शिकवायचे. ते म्हणत, "कुणी विचारलं तर सांगायचं, पोरं वाळूत खेळायला येतात."

पोरं खरोखर वाळूतच खेळायची. गंगेची, म्हणजे गोदावरीची, बारीक वाळू चाळून एका लांब फळीवर पसरलेली असे. फळीला चारी बाजूंनी पट्ट्या ठोकलेल्या. बोटाने अक्षर काढायचं आणि तळव्याने पुसायचं. फळी ओसरीच्या कडेला असे. आतल्या बाजूला मधोमध चतुराबाई आणि त्यांच्या दोन्ही अंगांना पोरं. त्यात व्यापाऱ्यांची होती, कुळकर्ण्यांची होती, शेजारच्या पार्वतीबाईंचा नातू चंद्रभानही होता.

फळीच्या पलीकडे, अंगणाच्या बाजूला, कुणीच नसे. मग म्हाळसा आली.

म्हाळसाची आई कासाबाई धनगरीण. घरी शेळीचं दूध घालायची. एकदा चरवी रिकामी करून ती उगाच घुटमळत राहिली.

"काय गं?" चतुराबाईंनी विचारलं.

"बाई, आमच्या पोरीला बी बसू द्या की. आमी मेंढरं घेऊन मुलुख हिंडताव. सडकंला दगड लागतेत, त्याच्यावर काय तरी लिवलेलं आसतंय. सगळे त्याच्याफुडनं चालत जातेत, मेंढरं बी आन् आमी बी. एकानं तरी वाचावं."

"अगं, त्या दगडांवर उर्दू असतं."

"आसंना. हितून सुरुवात तर हुईल."

चतुराबाई हसल्या आणि हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी म्हाळसा आली ती अंगणातच उभी राहिली. पाच-सहा वर्षांची असेल. ओसरीची कड तिच्या छातीला लागायची, त्यामुळे फळी बरोबर तिच्या हाताशी यायची. वर ये असं तिला कुणी म्हणालं नाही. वर येऊ नको असंही कुणाला सांगावं लागलं नाही. आपली जागा कोणती हे तिला शिकवण्याआधीच येत होतं.

बाकीचंही तिला भराभर यायला लागलं. चतुराबाई आपल्यासमोर ग काढत. म्हाळसा पलीकडून तो निरखून बघे आणि शेजारी तस्साच काढी. चंद्रभानचा म कधी लंगडा व्हायचा, कधी आडवा पडायचा. म्हाळसाचा ठसा उमटवल्यासारखा यायचा. आल्यागेल्याला चतुराबाई फळीजवळ नेऊन दाखवत. "धनगराची पोर आहे, पण अक्षर बघा." यात कौतुक किती पोरीचं आणि किती आपलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

कासाबाईही हरखली. दसऱ्यानंतर मेंढरं बोरीकडच्या रानात न्यायची होती. तेव्हा पोरीला बरोबर न्यायचं नाही, गावाच्या कडेला सासूचं खोपटं होतं तिथे ठेवायचं, असं तिनं नवऱ्याला पटवलं. सासू दगडाबाईंनीही मान डोलावली.

दसऱ्याला ओसरीवर पाटीपूजन झालं. पोरांनी पाट्यांवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढली, झेंडू वाहिले. आया-आज्या जमल्या होत्या. चतुराबाईंच्या मनात फार दिवस एक गोष्ट होती. त्यांनी म्हाळसाला अंगणातून वर बोलावलं, आपल्या शेजारी बसवलं आणि आपली स्वतःची पाटी तिच्या मांडीवर ठेवली.

"म काढ. सगळ्यांना दाखव."

म्हाळसानं पेन्सिल मुठीत धरली. जीभ ओठांवर आणून सावकाश अक्षर काढलं आणि पाटी वर केली.

म डोक्यावर उभा होता. शिरोरेघ खाली, जमिनीसारखी, आणि तिच्यावर अक्षर पाय वर करून.

"अगं बाई!" पार्वतीबाई म्हणाल्या, "हिचा म शीर्षासन करायलाय की!"

सगळ्या हसल्या. चतुराबाईंचा चेहरा तापला. "नीट काढ. वाळूत काढतेस तसा."

म्हाळसानं थुंकी लावून पाटी पुसली. पुन्हा तोच म, तसाच डोक्यावर. मग ग, तोही तसाच. आता हसणं थांबलं होतं. मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "दसऱ्याच्या दिवशी उलटं लिवनं चांगलं न्हाई बायांनो. भानामतीत आसंच होतंय."

"मुद्दाम करतेस?"

"न्हाई बाई. तसाच काडलाय."

चतुराबाईंनी तिच्या हातावर फटका मारला. पेन्सिल घरंगळत अंगणात गेली. तिथे चरवी घेऊन कासाबाई उभी होती.

"ने हिला," चतुराबाई तिला म्हणाल्या. "हिच्या डोक्यात काही शिरायचं नाही. मेंढरांमागंच बरी आहे."

कासाबाईनं चरवी खाली ठेवली. पेन्सिल उचलून तिनं पायरीवर ठेवली आणि पोरीला घेऊन गेली.

त्यानंतर चतुराबाईंचं कशातच चित्त लागेना. भाकरी करपली. वाळू चाळायला घेतली तर चाळण हातात तशीच राहिली. वाळूत बरोबर आणि पाटीवर उलटं, हे होतं कसं? पोर लबाड म्हणावी तर तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, आणि मठ्ठ म्हणावी तर वाळूतला तो म कुणी काढला होता?

"तुमच्या शाळेत होतं का हो असं?" त्यांनी दिनकररावांना विचारलं.

"आमची उर्दू उजवीकडून चालते, तुझ्या पोरीची मराठी खालून वर चालली," ते पान जुळवत म्हणाले. "सोड गं. मास्तर पोराच्या चुकीचा इतका विचार करायला लागला तर नोकरी कधी करायची?"

"आणि चूक मास्तराची असली तर?"

"मग तर मुळीच करायचा नाही. एकदा पोरांना कळलं ना, की वर्ग हातातून गेला म्हणून समज." आपल्याच विनोदावर ते हसले. चतुराबाई हसल्या नाहीत. मेंढरांमागंच बरी आहे, हे आपलंच वाक्य त्यांच्या कानात किड्यासारखं वळवळत होतं.

दुसऱ्या दिवशी पोरं यायच्या आधी त्यांनी नवी वाळू पसरली आणि आपल्या जागी बसून म काढला. इतक्यात शेजारची कोंबडी फळीवर चढायला लागली. तिला हाकलायला त्या अंगणात उतरल्या. कोंबडी गेली. वाळूत एक खडा दिसला, तो वेचायला त्या अंगणाच्या बाजूनेच वाकल्या, आणि तशाच वाकून राहिल्या.

समोर म्हाळसाचा म होता. रेघ खाली आणि अक्षर पाय वर करून. त्यांनी स्वतःच, आताच काढलेला.

त्यांनी बोटाने शेजारी तसाच म काढला, म्हाळसा काढायची तसा, जसा दिसतो तसा. मग धावत ओसरीवर चढून आपल्या जागेवरून पाहिलं. दोन्ही म सरळ होते, जुळ्यांसारखे. पुन्हा खाली उतरल्या. दोन्ही उलटे. वर गेल्या, खाली आल्या. परसातून येणाऱ्या दिनकररावांना वाटलं, बाईला काहीतरी चावलं.

पोरीनं कधीच चूक केली नव्हती. जे दाखवलं तेच ती काढत होती. बाकीची पोरं बाईंच्या शेजारची होती, त्यांना अक्षर बाईंसारखंच दिसायचं. समोर एकटी म्हाळसा होती. तिच्या बाजूने वाळूत काय दिसतं, हे बघायला इतक्या दिवसांत कुणी अंगणात उतरलं नव्हतं.

त्या तशाच निघाल्या. गावाबाहेर सटवाजी पाटलाच्या रानात धनगरांचा मुक्काम होता. रानात खतासाठी मेंढरं बसवलेली होती. आता बिऱ्हाड आवरायचं चाललं होतं. घोड्यावर घोंगड्या चढत होत्या, जाळी गुंडाळली जात होती. म्हाळसा एका कोकराला मांडीत दाबून बसली होती. बाईंना बघताच तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

कासाबाई पुढे आली. "या बाई. आजून काय मारायचं ऱ्हायलंय का?"

"कासाबाई, पोरीला नेऊ नका. तिचं अक्षर बरोबर होतं."

"आसं? आन् परवा?"

"परवा माझं चुकलं." हे वाक्य तोंडातून यायला वेळ लागला. त्यांनी जमिनीवर बसून म काढला, कासाबाईला समोरून बघायला लावलं, मग शेजारून. कासाबाईला अक्षर येत नव्हतं, पण उलटं आणि सुलटं तिला कळत होतं. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे मला दावून काय फायदा बाई?" ती शेवटी म्हणाली. "सासूच्या दारात काल कुनी तरी लिंबू टाकून गेलं. पोरीला भानामतीची म्हनायलेत. गावात ठिवली तर तिला पानवट्यावर बी कुनी येऊ देनार न्हाई. तुमी चारचौघींत बोलला, ते रानात येऊन पुसायलाव. पुसल्यानं पुसंल का?"

चतुराबाईंनी बोटाची माती पदराला पुसली.

"उद्या सकाळी आमी गावातूनच जानार," कासाबाई म्हणाली. "तुमच्या दारावरनंच वाट हाय."

सकाळी चतुराबाईंनी पार्वतीबाईंना बोलावून घेतलं, आणखी तिघीचौघींना हाका मारल्या. प्रसाद असेल म्हणून भानामतीवाली म्हातारीही आली. पोरं जागेवर बसली. दिनकरराव आतून म्हणाले, "अगं, इतकी माणसं जमवू नकोस, कुणी जाऊन सांगेल." चतुराबाईंनी ऐकलं नाही. वाळूत त्यांनी मोठा म काढला. गळ्यांतल्या घंटांचा आवाज जवळ आला आणि मेंढरांची धूळ फाटकापाशी पोचली. घोड्याचा लगाम धरून कासाबाई थांबली. तिच्यामागे म्हाळसा होती.

"पार्वतीबाई, हे काय आहे?"

"म आहे. का?"

"आता जरा खाली या. अंगणात."

"मी? तिथं कशाला?"

"या तर."

गुडघे धरत, कुरकुरत पार्वतीबाई उतरल्या. म्हाळसाच्या जागी उभ्या राहिल्या. वाळूकडे बघून त्यांची भुवई वर चढली. "अगं, हा तर उलटा आहे!"

"मी काढलाय. तुमच्यादेखत. आता भानामती कुणावर आहे सांगा. माझ्यावर?"

म्हातारी पुढे झाली, खालून बघितलं, वर चढून बघितलं, पुन्हा खाली आली. "आगं माय," ती म्हणाली, "हे तर बसायच्या जागंचं झेंगट हाय."

कुणीतरी हसलं. चतुराबाईंनी मोठ्याने, अंगणाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरीनं मी दाखवलं तेच काढलं. मी तिला चुकीच्या जागी उभी केली आणि वर मारलं." मग फाटकाकडे वळून त्या म्हणाल्या, "म्हाळसा, ये. वर बस. माझ्याशेजारी."

"आमच्या चंद्रभानला मग मी दुसरीकडे बसवते," पार्वतीबाई पुटपुटल्या.

"बसवा," चतुराबाई म्हणाल्या.

म्हाळसानं आईकडे पाहिलं. मेंढरं खोळंबली होती, कासाबाईचा नवरा उमाजी पुढून हाका मारत होता. कासाबाईनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीसाठी सासूकडे ठेवायची घोंगडी घोड्यावरून ओढून काढली आणि पायरीवर ठेवली, दसऱ्याला पेन्सिल ठेवली होती तिथेच. "आजीकडं ऱ्हा. आखाडात येऊ," ती म्हणाली आणि वळून बघितल्याशिवाय चालायला लागली.

म्हाळसा पायरी चढली. फळीच्या आतल्या बाजूला आली, पण बसली नाही. खाली वाकून म कडे बघत राहिली. तिच्या ओळखीचा म कुठे नव्हताच.

"बाई," ती म्हणाली, "हा कुनाचा हाय?"

चतुराबाई वाळूपाशी बसल्या. तिचं बोट हातात धरून त्यांनी अगदी सावकाश, वरून खाली, म गिरवला.

त्या दिवशी पोरं गेल्यावर त्यांनी वाळू पुसली नाही. त्या एकेका पोराच्या जागी जाऊन बसू लागल्या. दिनकरराव दारातून म्हणाले, "आता काय, स्वतःलाच शिकवायलीस?" त्यांनी मान वर केली नाही. मग त्या चंद्रभानच्या जागी बसल्या, ओसरीच्या खांबाला टेकून. तिथून मधल्या जागेकडे पाहिलं. खांबाआडून बाई दिसल्या असत्या त्या फक्त खांद्यापर्यंत. त्यांचा लिहिणारा हात दिसलाच नसता. आणि त्या पोराला त्या रोज आळशी म्हणत होत्या.

चतुराबाई उठल्या, पुन्हा बसल्या. त्यांचं बोट मांडीवर गिरवत होतं. फळी सरकवायची की जागा बदलायची, काहीच ठरत नव्हतं. अंगणात ऊन उतरत होतं, आणि अजून बऱ्याच जागा बघायच्या राहिल्या होत्या.