बँकेच्या दारातले मेजर

"घडलं तसं सांगा. वाटलं ते मागनं."

असं म्हणून मेजर दातांनी पेनचं टोपण काढत, कागदावर एक उभी रेघ ओढत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत. रेघेच्या अलीकडे वेळ, पलीकडे घडलेली गोष्ट. मध्येच कुणी "मला मेलीला तेव्हाच शंका आली होती" असं सुरू केलं की पेन थांबायचं. टोपण तोंडात असल्यामुळे बोलता यायचं नाही, मग ते नुसता डावा हात वर करायचे, चौकातला पोलीस गाड्या थांबवतो तसा. माणूस गप्प व्हायचा आणि पुन्हा घडलेल्यावर यायचा.

आमच्या विट्यातल्या एका बँकेच्या दारावर ते बंदूक घेऊन उभे असत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्या भागात फौजेतून आलेला कुठलाही माणूस मेजरच असतो. तुमच्याही आळीत असे दोन-चार मेजर असतील. यांचं गाव माण तालुक्यातलं. विट्यात एक खोली भाड्यानं घेतली होती, रविवारी गावी जायचे. एजन्सीनं दिलेला गणवेशाचा शर्ट त्यांना दोन मापं मोठा होता. त्यात ते कुणाकडून तरी मागून आणल्यासारखे दिसत. मिशी मात्र स्वतःची होती, आणि ती रोज कातरलेली असे.

काम दारावरचं, पण स्लिप भरण्यापासून तक्रार लिहिण्यापर्यंत अर्धी बँक त्यांच्यापाशीच अडायची. एकदा एका आजीनं पैसे भरायच्या स्लिपवर 'अक्षरी' या शब्दापुढे 'श्री विठ्ठल प्रसन्न' असं लिहून घेतलं होतं. मेजरनी ती स्लिप हातात धरून शांतपणे सांगितलं, "आवं आजी, हितं पैसं अक्षरात लिवायचं. देवाला म्हाईत हाय, पर क्याशियरला न्हाई."

मी हे सगळं येता-जाता बघायची आणि हसून पुढे जायची. त्यांच्या त्या उभ्या रेघेपलीकडे एक दिवस माझी गोष्ट लिहिली जाईल, असं मनातही नव्हतं.

मी शिवणकाम करते. माझा नवरा विट्यातल्या कितीतरी माणसांसारखा गलाईच्या दुकानात आहे. दूर दक्षिणेत, सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. वर्षातून दोनदा घरी येतो. मागल्या वर्षी मला आणि गल्लीतल्या तिघी जणींना एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. एवढे गणवेश माझ्या साध्या मशीनवर होणारे नव्हते. कडा शिवायची दोन ओव्हरलॉक मशिनं हवी होती. दुकानातल्या किमती ऐकून आम्ही चौघी परत आलो, आणि त्याच आठवड्यात फोनवर एक जाहिरात दिसली. कारखाना बंद झालाय, मशिनं निम्म्या किमतीत काढायचीत. फोटो होते, बिलं होती, कापडावर झर्रकन चालणाऱ्या मशीनचा व्हिडिओही होता. फोनवरचा माणूस हिंदीत बोलायचा आणि दर वाक्याला "दीदी" म्हणायचा.

चौघींनी पैसे काढले. मंगळवारी बुकिंगचे पंधरा हजार पाठवले. शुक्रवारी सकाळी उरलेले सत्तावीस. दुपारी त्याचा फोन आला, गाडी निघालीय, पण विम्याचे अठरा हजार भरल्याशिवाय नाक्यावर सोडत नाहीत, मशिनं मिळाली की ते लगेच परत. माझ्या खात्यात तेवढे नव्हते. तिघींपैकी एकीनं कानातलं गहाण ठेवलं, आणि ते रोख पैसे भरायला मी बँकेत गेले. पाठोपाठ फोन वाजतच होता. "दीदी, जल्दी. ड्रायव्हर खडा है."

स्लिप भरताना माझ्याकडून दोनदा आकडा चुकला. तिसरी स्लिप घ्यायला हात पुढे केला, तर ती मेजरनी उचलून धरली होती.

"ताई, मगापासनं फोन कुणाचा येतोय?"

मला राग आला. याला काय करायचंय? तरी सांगितलं, मशीन घेतलंय, गाडी थांबलीय, घाई आहे.

"मशीन लय चांगली गोष्ट हाय," ते म्हणाले. "त्याला म्हणावं, एकदा मशीन चालवून दाव. व्हिडिओवर. आत्ता. तुमी माझ्याम्होरं बोला."

मी बोलले. आधी तो म्हणाला, मशिनं गाडीत चढवलीत. मेजर हळूच म्हणाले, "मग गाडीच दाव म्हणावं. ड्रायव्हर हुबा हायच की." मी तसं म्हणाले. मग त्या दीदी-दीदी करणाऱ्या तोंडातून अशी एक शिवी आली, की मी फोन कानापासून लांब धरला. तो कट झाला. पुन्हा लावला, लागला नाही. फोटो, बिलं, सगळ्यासकट तो माणूस माझ्या फोनवरून नाहीसा झाला.

मेजरनी मला दाराबाहेरच्या पायरीवर बसवलं. कुणाचा तरी पाण्याचा तांब्या आला. मी रडायला लागणार, तोच त्यांनी दातांनी टोपण काढलं.

"घडलं तसं सांगा. वाटलं ते मागनं. किती वाजता पाठवलं पैसं?"

मी सांगत गेले, ते एका स्लिपच्या पाठीवर लिहीत गेले. तेवढ्यात मॅनेजर बाहेर आले. "मेजर, तुमचं काम दरवाजावर आहे."

"दरवाजावरच हाय सायेब. ताई दाराच्या भाईर बसल्यात."

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं, काय झालंय ते त्यांच्या लक्षात आलं असावं. ते आत गेले आणि स्वतःच माझ्या खात्याचा उतारा काढून घेऊन आले.

ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मेजरना पाठ होता. तो सारखा बिझी लागायचा. तीन-चार वेळा झाल्यावर मी म्हणाले, "जाऊ द्या मेजर. गेलं ते गेलं."

पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "कुठं गेलं? आजून कुणाच्या तरी खात्यात हाय ते. सकाळी पाठवलंय न्हवं? सांजच्याला नसंल कदाचित. पर आत्ता हाय. लावा."

मी लावत राहिले. लागला. पलीकडच्या मुलीनं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे तयार होतं. तिनं एक तक्रार नंबर दिला. तो त्यांनी मला तीन ठिकाणी लिहायला लावला, कारण "फोन पाण्यात पडतुया, कागुद हारवतुया, माणूस इसरतुया."

मग बंदूक भिंतीला टेकवून ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. दोन चहा मागवले.

"हां," ते म्हणाले. "आता वाटलं ते सांगा."

मी पदरात तोंड घालून रडले. येणारे-जाणारे बघत होते. मेजर रस्त्याकडे बघत चहा पीत राहिले. माझं आवरल्यावर त्यांनी विचारलं, "मालकास्नी सांगितलं का?"

"नाही. आणि सांगणारही नाही. ते तिथं भट्टीपुढं बसून कमावतात, आणि मी..."

"मग निम्मीच तक्रार झाली ही," ते म्हणाले. "लावा फोन."

मी तिथूनच लावला. सगळं सांगितलं, घडलं त्या क्रमानं. भट्टीचा घुं घुं आवाज तेवढा येत होता. मग नवरा म्हणाला, "जेवलीस का सकाळपासनं?" मेजर तोपर्यंत उठून दारात जाऊन उभे राहिले होते.

लेखी तक्रारीसाठी सांगलीला जायचं होतं. मी पोलिसांच्या पायरीवर कधी पाय ठेवला नव्हता. मेजर रजा काढून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट, बगलेत प्लास्टिकची फाईल. तिथल्या पोलीसताईंनी आमचा कागद वाचला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मी भीतभीत मेजरकडे बोट दाखवलं. "असं लिहून आणलं तर आमचं अर्धं काम होतं हो," त्या म्हणाल्या. मेजर खुर्चीवरून उठून ताठ उभे राहिले. बिचाऱ्या ताईंनाही काय करावं कळेना, त्याही उठल्या.

पोलीसताईंनीच सांगितलं की पहिले पंधरा हजार कुठल्याशा एटीएममधून कधीच काढले गेलेत. पण शुक्रवारचे सत्तावीस एका खात्यात अडवून धरलेत. आता कोर्टाचा आदेश लागेल, वेळ जाईल.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "मेजर, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

ते खिडकीबाहेर बघत होते. तासगाव मागे पडल्यावर बोलले.

"माझं गेलं की ताई. रिटायर झाल्याव जे मिळालं, त्यातलं निम्मं. फोनवर एकजण गोड बोलला. पेन्शनच्या कागुदाचं काम हाय म्हणला." त्यांनी मांडीवरची फाईल सरळ केली. "आन आठ दिवस मी कुणालाच बोललो न्हाई. घरात न्हाई, भाईर न्हाई. सारा गाव मला मेजर म्हणतोय, आन मी सांगू काय, पोरासोरानं फशिवलं म्हणून? नवव्या दिवशी गेलो पोलिसात. सायेब म्हणले, पयल्या दिवशी का न्हाई आला? खात्यात काय बी न्हवतं राहिलं."

म्हणून हा माणूस या वयात दुसऱ्याचं दार राखत उभा होता. त्यांनी फाईलमधून शेंगदाण्याची पुडी काढून पुढे केली.

पुढचे पाच महिने लांब गेले. अर्ज, सही, पुन्हा अर्ज. दोनदा मी नाद सोडला होता. बँकेपुढून जाताना मान खाली घालून जायची, पण ते हाक मारायचेच. "आलं का?" मी मान हलवायची. "यील. अडावलंय न्हवं? मग जातंय कुठं." गणवेशांचं काम आम्ही चौघींनी त्याच एका मशीनवर, हातानं कडा मारून, कसंबसं पुरं केलं. कानातल्याचे ते अठरा हजार कापडा-दोऱ्यातच गेले. मधल्या काळात एक दिवस मी त्यांचा तो मोठा शर्ट मागून घेतला आणि खांद्यात, बाह्यांत उसवून मापाचा करून दिला. पैसे देऊ लागले. मी डावा हात वर केला, तेव्हा मोठ्यानं हसले.

आणि एका बुधवारी, मी काजं करत बसले असताना, फोन वाजला. सत्तावीस हजार जमा. मी सुई टोचलेली तशीच ठेवून बँकेकडे पळाले. मेजरनी तो मेसेज मला दोनदा वाचून दाखवायला लावला. मग एकच म्हणाले, "आता आधी ते कानातलं सोडवा."

त्यानंतर काही महिन्यांतच बँकेनं दारावरचा माणूस बंद केला. मी गेले तेव्हा तिथं एक कॅमेरा बसवलेला होता. मेजर खोली सोडून गावी गेल्याचं चहावाल्यानं सांगितलं. त्यांचा निरोप घ्यायचा राहून गेला, हे मला फार लागलं.

या दिवाळीत नवरा आला, तसं पहिलं काम म्हणून आम्ही त्यांच्या गावाची एसटी धरली. गावाच्या कडेला पत्र्याचं घर, पुढं उघडा माळ. मेजर शेळ्या घेऊन लांब गेले होते. त्यांच्या बायकोनं आम्हाला घोंगडं टाकून बसवलं. मी नाव सांगितलं, विट्याची, शिवणकाम करणारी. ती एकदम खाली टेकली.

"मशीनवाली ताई व्हय तुमी?" ती म्हणाली. "आमचं पैसं गेल्यापासनं ह्यांनी घरात कवा गोडाधोडाचं आणलं न्हवतं. दिवाळीला सुदीक न्हाई. आन एका रविवारी ह्यो माणूस पेढ्याचा पुडा घिऊन दारात हुबा. मला वाटलं, आलं. आमचं पैसं आलं. मी हात जोडलं देवाला. इच्यारलं, आपलं आलं व्हय? तर म्हणलं, न्हाई, एका ताईचं आलं."

तिनं पदरानं डोळे टिपले, पण ती हसत होती.

"लय खूश हुतं त्या दिवशी. साऱ्या आळीत वाटलं पेढं."

माझ्या नवऱ्यानं मान फिरवली. समोर माळाच्या उतारावरून शेळ्या खाली यायला लागल्या होत्या, आणि त्यांच्या मागून, आम्ही आलोय हे ठाऊक नसलेला तो माणूस, खांद्यावर काठी टाकून सावकाश चालत येत होता.