मानाचं बटण

पावण्याच्या तोंडात ‘नको’ हा शब्द नव्हता. देवाने त्याला घडवताना तेवढा एक शब्द घालायचा राहून गेला असावा, आणि ती रिकामी जागा भरायला म्हणून ‘वायच’ हा शब्द जरा जास्तच घातला गेला असावा. वायच म्हणजे थोडंसं. "घावने खातलंस?" असं कोणी विचारलं की हा म्हणणार, "वायच घाला." मग पानात चार घावने पडोत की आठ, त्याच्या लेखी ते वायचच. आमच्या मालवणी मुलखात वायचला माप नाही हे खरं, पण पावण्याने त्याचा जेवढा गैरफायदा घेतला तेवढा दुसऱ्या कोणी घेतला नसेल.

त्याचं खरं नाव महादेव. तोंडवलीत त्याचा केबल टीव्हीचा धंदा होता. एका माडावरून दुसऱ्या माडावर त्याच्या काळ्या वायरी गेलेल्या असायच्या आणि वाऱ्याने एखादी तुटली की त्याला घरोघर जावं लागे. काम पाच मिनिटांचं, पण तो बाहेर पडायचा तासाभराने, तोंड पुसत. गावातलं एकही घर असं नव्हतं की जिथे त्याला पाट मांडला गेला नाही. म्हणून तो सगळ्यांचा पावणो, म्हणजे पाहुणा. पुढे पुढे तो माडावर चढेनासा झाला. खाली उभा राहून बांबूने वायर सरकवायचा आणि विचारलं तर गंभीरपणे सांगायचा, "माका चडाक जमता. माडाक सोसना नाय."

मी तेव्हा बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि तोंडवलीत ज्युली मावशीकडे भाड्याच्या खोलीत राहत होते. मावशीचे यजमान वारलेले, दोन्ही मुलगे गोव्यात नोकरीला. हात मात्र दहा माणसांचा स्वयंपाक करण्याचा. समोर कोणी जेवायला नसलं की तिला करमत नसे. तिने मला वर्षभरात असं काही वाढलं की माझ्या सगळ्या ड्रेसांच्या शिलाया उसवून संपल्या. पण तिचा खरा जीव पावण्यावर. तिचा टीव्ही सारखा बिघडलेला असायचा, आणि तोही नेमका बांगड्याचं तिखलं केलेल्या दिवशी. एकदा तर टीव्हीच्या मागे हात घालून वायर उपटताना मी तिला माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला बघून ती म्हणाली, "धूळ पुसतंय गो."

अशा या सुखाला दृष्ट लागली ती कौलांवर बसू लागलेल्या छोट्या डिशांची. पूर्वी अख्ख्या वाडीत एकाची डिश, ती पावण्याची. आता ज्याची त्याची स्वतंत्र. केबलची घरं एकेक करून तुटू लागली. पावण्याने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला होता, तो कामी आला. गोव्यातल्या एका ओळखीच्या माणसाने त्याला बोटीवर नोकरी मिळवून दिली. सगळं जुळलं आणि वैद्यकीय तपासणीत अडलं. मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं, वजन उतरवून तीन महिन्यांनी या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. केबल बुडत चाललेली, घरी म्हातारी आई. त्याची पाचावर धारण बसली.

तो क्लासमध्ये येऊन बसला तेव्हा खुर्ची त्याच्या आधी बोलली. "टीचर," तो म्हणाला, "इंटरनेटार वजन उतरता म्हणतत. खरा काय ता?"

मी त्याला एक परदेशी साइट उघडून दिली. दिवसभरात खाल्लेलं तिथे लिहायचं, मग ती जादा किती झालं ते सांगणार. पहिल्याच पानावर गाडी रुतली. साइटला सगळं ग्रॅममध्ये हवं होतं, नाहीतर कपात. पावणो पडद्याकडे बघत म्हणाला, "पेज कपान कोण पिता?" मग त्याने बांगडा शोधला, तो नाही. घावने नाहीत, सोलकढी नाही. तिथे होती नाना तऱ्हेची बिस्किटं आणि पाव. "ह्येंचा वजन वाडता तरी कशान?" त्याला प्रामाणिक शंका आली. आणि किती खाल्लं या रकान्यात त्याने काय टाइप केलं असेल? वायच.

तेव्हा मीच एक साधं पान तयार केलं. क्लासच्या पोरांना वेबपेज शिकवायचेच, त्यातलंच एक. त्यावर तीन बटणं. तळलेलं आणि गोड खाल्लं तर लाल, भात-आमटी खाल्ली तर पिवळं, भाजीपाला आणि उकडलेलं खाल्लं तर हिरवं. ग्रॅम नाहीत, कप नाहीत. जेवणं आठवायची, बटणं दाबायची, घरी जायचं. माझं मलाच कौतुक वाटलं. मी स्वतःसाठीही तसंच एक पान केलं होतं, पण आठवडाभरात त्याचा पत्ता विसरले.

पावणो रोज संध्याकाळी क्लासमध्ये येऊन इमानेइतबारे बटणं दाबू लागला. पान बघता बघता हिरवंगार झालं. मी खूश. महिना झाल्यावर वजन करायचं ठरलं. घरातल्या साध्या काट्यावर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून किनाऱ्यावर मासळी मोजतात त्या मोठ्या काट्यावर तो चढला. भोवती टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांना तेवढंच हवं होतं. "ह्येचो काय दर लावलास गो?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "सगळो घेतलंय तरच परवडात." काट्याकडे बघून मात्र आमच्या दोघांचे चेहरे पडले. वजन वाढलं होतं.

मी त्याला फैलावर घेतलं. ताकाला जाऊन भांडं लपवतोस कशाला, म्हटलं. नोकरी तुझी जाणार आहे, माझी नाही. तो दुखावला. "खोटा कित्याक बोलान, टीचर? घराक खाल्लेला सगळा लिवलंय."

"आणि बाहेरचं?"

"भायला कसला?"

"काल ज्युली मावशीकडे तू माझ्यासमोर गुळाचा दोदोल खाल्लास. थाळाभर."

पावणो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मला व्यवहाराची काही अक्कलच नाही. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "ता खाणा न्हय, टीचर. तो मान. आपल्या घराकडला ता खाणा. दुसऱ्याच्या घराकडलो तो मान. मानाक बटण खंय आसा?"

मला हसावं की रडावं कळेना. सबंध महिना हा माणूस घरी दुधीची भाजी खाऊन हिरवं बटण दाबत होता आणि गावभर मान घेत हिंडत होता. त्याच संध्याकाळी मी तिन्ही बटणं काढून टाकली आणि एकच ठेवलं. त्यावर लिहिलं, ‘मान’. दुसऱ्याच्या घरी तोंडात काही घातलं की दाबायचं. पहिल्या दिवशी त्याने ते बटण इतक्यांदा दाबलं की शेजारच्या पोराला वाटलं, पावणो गेम खेळतोय. दाबून झाल्यावर त्याने पडद्यावरचा आकडा बोट ठेवून वाचला. "माका काय म्हायत," एवढंच म्हणाला.

रोग कळला, पण औषध भलतंच कडू. आता ‘नको’ म्हणायला शिकणं भाग होतं. पहिला प्रयोग झाला ज्युली मावशीकडे. तिने नारळाच्या रसातल्या शिरवळ्यांचं ताट पुढे केलं. याने हात जोडले आणि देवळातली चोरी कबूल करावी तसा पुटपुटला, "आज नको, मावशे."

मावशीने ताट खाली ठेवलं. "कित्याक? आमच्या घराकडला चलना नाय आता? कोण काय बोललो तुका?"

त्याने वजनाचं सांगितलं ते तिला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या आईकडे गेली आणि "आमचा काय चुकला?" म्हणून डोळ्यांत पाणी आणून विचारून आली. हीच कथा घरोघर. "बोटीर जाऊच्या आदीच सायब झालो," असं लोक बोलू लागले. ज्यांनी डिश बसवली नव्हती त्यांनीही मग बसवायचं मनावर घेतलं. पावणो माझ्याकडे येऊन म्हणाला, "वजन उतरात, टीचर. पण गाव जायत."

तोड अखेर त्यानेच काढली. एका सकाळी तो मावशीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभा राहिला. "मावशे," तो म्हणाला, "माझो मान राखून ठेव. बोटीवरसून इलंय की सगळो एकदम घेतलंय." मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मान राखून ठेवायचा म्हणजे तो नाकारला असं होत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. "ठेवतंय," ती म्हणाली. "पण इसारलंस तर बघ." मग त्याने प्रत्येक घरी जाऊन तेच सांगितलं. लोकांचं समाधान झालं. पानावरचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला. गंमत म्हणजे शून्य दिसलं की मी आनंदायची आणि पावण्याचं तोंड उतरायचं. "आज कोणी इचारूकच नाय," असं म्हणत तो उठून जायचा.

मासळीच्या काट्याने पुढच्या खेपेला त्याला पास केलं. बायकांनी हळहळ व्यक्त केली. "मासळेचो दर वाडलो, पावणो कमी झालो," म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तपासणीला निघाला तेव्हा मुंबईची गाडी धरायला आम्ही हायवेवरच्या कसालला गेलो. तोंडवलीहून टेम्पो भरून माणसं आली होती, आणि रिकाम्या हाताने निरोप द्यायची आमच्याकडे रीत नाही. कोणी खाजं आणलं, कोणी काजू, कोणी तळलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी. पावणो प्रत्येकासमोर हात जोडत होता, "उद्या डॉक्टरकडे जाऊचा आसा, आज नको," आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज आणखी बारीक होत होता. शेवटी ज्युली मावशी पुढे आली. तिने दोन्ही हात उघडून त्याला दाखवले. "बघ," ती म्हणाली, "रिकामी इलंय. माझ्यामुळे तुझा वजन वाडूक नको." इतका वेळ धीराने उभा असलेला पावणो तिथे हायवेच्या कडेला लहान पोरासारखा रडला. तिचे ते उघडे हात बघून मलाही राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीने मला पान वाढलं आणि तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. रेंजसाठी मी मागच्या पायरीवर धावले. "पास झालंय, टीचर!" पावणो ओरडत होता. मावशीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. नोकरी, बोट, पगार, काही म्हणजे काही न विचारता ती म्हणाली, "जेवलंस काय रे?"

मीही फोनला कान लावला. पावणो म्हणाला, "नाय, मावशे. हंय कोण जेवक इचारनाच नाय."

मावशीने फोन माझ्याकडे दिला आणि तिथेच पायरीवर बसली. त्या दुपारी आम्ही दोघीही जेवलो नाही.